मालवाहू टेम्पोत प्रिंटर बसवताना

मशीद बंदरातून माल भरून दिवसभर कुर्ला, विक्रोळी, भांडुप अशा फेऱ्या करणाऱ्या टेम्पोत, दुकानदाराला जागेवरच बिल छापून देता यावे म्हणून छोटा थर्मल (शाईऐवजी उष्णतेने छापणारा) प्रिंटर ठेवण्याची सोय उपयुक्त आहे. तो घेताना कागदाची रुंदी ५८ मिलिमीटर की ८०, एवढ्यावरच चौकशी थांबते. मात्र पुढचा बहुतेक त्रास प्रिंटर गाडीत कुठे बसवला आणि त्याला वीज कुठून दिली यावरून उद्भवतो.

डॅशबोर्डचा माथा ही दिसायला सोयीची, पण सर्वांत वाईट जागा आहे. तेथे थेट ऊन लागते, काचेत प्रतिबिंब पडते आणि जोरात ब्रेक लागल्यास प्रिंटर अंगावर येऊ शकतो. एअरबॅग असलेल्या गाडीत तिच्या झाकणावर किंवा ती उघडण्याच्या वाटेत काहीही बसवू नये. दोन आसनांच्या मधली खालची जागा बरी, मात्र गिअर आणि हँडब्रेक यांना अडथळा होत नाही हे आधी हात फिरवून पाहावे. प्रिंटर धातूच्या ब्रॅकेटवर नटबोल्टने घट्ट बसवावा. दुहेरी चिकटपट्टी एप्रिल-मेच्या उन्हात सुटते. पत्र्याला भोक पाडण्यापूर्वी त्याच्या खालून वायरिंग, ब्रेकची किंवा इंधनाची नळी जात नाही याची खात्री करावी. पावसाळ्यात दार उघडताच जेथे पाण्याचे शिंतोडे येतात, ती बाजूही टाळावी.

विजेच्या कामाला बॅटरीची ऋण तार प्रथम सोडवूनच हात घालावा. लहान टेम्पोची यंत्रणा साधारणपणे १२ व्होल्टची, तर मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची असते, त्यामुळे १२ व्होल्टचा अडॅप्टर ट्रकला थेट जोडल्यास तो जळू शकतो. शिवाय ‘१२ व्होल्ट’ हे नावापुरते आहे: इंजिन चालू असताना दाब १४ व्होल्टच्या आसपास जातो आणि स्टार्टर फिरताना १० च्याही खाली येऊ शकतो. म्हणून उघडी तार प्रिंटरला न जोडता उत्पादकाने सांगितलेला वाहन अडॅप्टरच वापरावा. बॅटरीपासून स्वतंत्र तार आणायची असल्यास फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा, कारण फ्यूज मुख्यतः तारेच्या संरक्षणासाठी असतो. फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधली तार पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर तिच्यातला प्रवाह थांबवणारे काहीच उरत नाही. पत्र्यातून तार नेताना भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रबराची कडी, बसवावा. चावी बंद केल्यावर वीज तुटणारी जोडणी घ्यावी, नाहीतर रविवारची सुट्टी संपताना बॅटरी उतरलेली असू शकते. क्यूआर कोडसारखा गडद भाग छापताना प्रिंटर मध्येच बंद पडत असेल, तर त्याला दोष देण्याआधी तार बारीक आहे का आणि बॉडी अर्थ (गाडीच्या पत्र्याला केलेली ऋण जोडणी) सैल आहे का, हे तपासावे. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेण्यात कमीपणा नाही.

प्रिंटरमध्ये लिथियम बॅटरी असल्यास तो उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवू नये, आणि तापलेला असताना चार्जिंगला लावू नये. बॅटरी फुगलेली दिसल्यास तिचा वापर तत्काळ थांबवावा.

गाडी बाजूला घेऊन, हँडब्रेक लावल्यावरच बिल छापावे. थर्मल कागदाला शाई लागत नाही, त्यावरचा लेप उष्णतेने काळा होतो. त्यामुळे डॅशबोर्डवर विसरलेला रोल कोरा असतानाच काळवंडतो आणि छापलेले बिल कालांतराने पुसट होते. हिशेबाच्या प्रती म्हणूनच मोबाइलमध्येही जतन कराव्यात. दमट हवेत रोल पिशवीत बंद ठेवावा. छपाईत उभ्या पांढऱ्या रेघा येऊ लागल्यास प्रिंटर बंद करून, हेड (कागदाला उष्णता देणारी पट्टी) थंड झाल्यावर ते आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसावे. चाकूचे टोक किंवा नख लावू नये.

बसवल्यानंतर पहिल्या आठवड्यात, विशेषतः खड्ड्यांच्या दिवसांत, ब्रॅकेटचे नट पुन्हा आवळावेत आणि तासभर छपाई झाल्यावर तारेला हात लावून ती तापत नाही ना, हे पाहावे.