लॉर्ड्सची कसोटी बघायला जाणाऱ्या इंदूरकरांनो, संध्याकाळच्या या चुका टाळा

सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की खाण्याच्या गाड्या लागतात आणि इंदूरची रात्र सुरू होते. ही सवय लंडनला सोबत गेली की पहिल्याच दिवशी उपाशी झोपायची वेळ येते. तिथे बहुतेक पबची स्वयंपाकघरं नऊ-दहाला बंद होतात आणि अनेक ठिकाणी अकराच्या सुमारास शेवटच्या ऑर्डरची घंटा वाजते. म्हणून जेवण आधी आणि भटकंती नंतर, असा क्रम ठेवा. शाकाहारी असाल तर युस्टन स्टेशनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय उपाहारगृहं आहेत.

दुसरी चूक याहून महागात पडते. खेळ संपल्यावर लोक ‘जरा पाठ टेकतो’ म्हणून हॉटेलवर जातात. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथल्या रात्री दहाला तुमचं शरीर इंदूरच्या पहाटे अडीचच्या हिशोबात असतं. पहिले दोन-तीन दिवस एकदा आडवे झालात की उठणं होत नाही. खेळ ११ ते ६ चालतो, षटकं उरली तर साडेसहापर्यंत. जुलैत सूर्य मावळतो सव्वानऊच्या आसपास, त्यामुळे जवळजवळ तीन तास उजेड हातात असतो. मैदानातून थेट रीजंट्स पार्कमार्गे प्रिमरोज हिलवर चालत जा. अर्ध्या तासाची वाट आहे आणि टेकडीवरून सगळं शहर दिसतं. वेस्टमिन्स्टर पुलापासून टॉवर ब्रिजपर्यंत नदीकाठचा फेरफटकाही याच वेळेत बसतो.

म्युझियमं मात्र ‘मॅचनंतर बघू’ म्हणून ठेवू नका, ती पाच-पावणेसहालाच बंद होतात. अपवाद शुक्रवारचा. त्या दिवशी ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम रात्री दहापर्यंत उघडं असतं. दोन्हीकडे मुख्य संग्रहाला तिकीट नाही. बकिंगहॅम राजवाड्यासमोरची पहारेबदली ठरावीक दिवशी सकाळी अकराच्या सुमारास असते, म्हणजे नेमका पहिला चेंडू पडतो तेव्हा. ती कसोटीच्या आधीच उरका.

लॉर्ड्सची सफरही आधीच करा. सामन्याच्या दिवशी ती नसते, त्यामुळे तीन-चार दिवस आधीची वेळ ऑनलाइन धरून ठेवा. ही सफर इंदूरकराने चुकवू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. १९३२ साली भारताची पहिली कसोटी याच मैदानावर झाली, आणि कर्णधार होते पुढे इंदूरच्या होळकर संघाला रणजी करंडक जिंकून देणारे सी. के. नायडू. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅशेस मालिकेचा मूळ करंडक इथल्याच संग्रहालयात आहे.

स्टेशनांच्या नावांनी फसगत होते. लॉर्ड्ससाठी ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, ज्युबिली लाइनवरचं सेंट जॉन्स वुड, तर लंडनच्या दुसऱ्या कसोटी मैदानासाठी, ओव्हलसाठी, नॉर्दर्न लाइनवरचं ओव्हल. बीटल्सच्या फोटोमुळे प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅबी रोडच्या झेब्रा क्रॉसिंगवर फोटो काढायचा असेल तरी सेंट जॉन्स वुडलाच उतरा. ‘अ‍ॅबी रोड’ नावाचं स्टेशन पूर्व लंडनमध्ये, वेस्ट हॅमजवळ आहे. तिथे गेलात तर अख्खी संध्याकाळ प्रवासात जाईल.

ट्यूबच्या गेटवर बँकेचं कार्ड चालत नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही पर्याय चालू केलेले नसतात. ते इंदुरातच करा, कारण ओटीपी भारतीय सिमवर येतो. ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा तेच कार्ड टेकवा. जाताना प्लॅस्टिकचं कार्ड आणि येताना फोन टेकवला तर खातं एकच असूनही यंत्र ती दोन वेगळी कार्डं समजतं आणि दोन्हींवर कमाल भाडं लागू शकतं. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं. तिथे रोख चालत नाही.

पबमध्ये गोंधळ मापाचा होतो. आपल्याकडे पिंट म्हणजे ३३० मिलीची बाटली, तिथे ५६८ मिलीचा ग्लास. ‘दोन पिंट’ म्हणालात की एक लिटरच्या पुढे जाता. अंदाज येईपर्यंत अर्धा पिंट मागा. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची आणि पैसे बहुधा तिथेच द्यायचे. टेबलावर वाट बघत बसलात तर बहुतेक पबमध्ये कुणी येत नाही. पंचविशीच्या आतले दिसत असाल तर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, मोबाइलमधला फोटो सहसा चालत नाही. ट्यूबमध्ये दारू पिण्यास २००८ पासून बंदी आहे.

रस्त्यात उभं राहून नकाशा बघू नका. सायकलवरून येऊन फोन हिसकावण्याचे प्रकार लंडनमध्ये बरेच होतात, आणि उद्याचं तिकीट त्याच फोनमध्ये असतं. भिंतीला पाठ लावून थांबा किंवा दुकानात शिरा.

परतीचा हिशोब वारावर आहे. रात्रभर ट्यूब फक्त शुक्रवारी आणि शनिवारी रात्री चालते, तीही काही मार्गांवर; ज्युबिली लाइन त्यात आहे. कसोटी गुरुवारी सुरू झाली तर उशिरापर्यंत बाहेर राहायला दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाची रात्र राखा. बाकी दिवशी रात्री साडेबाराच्या आत स्टेशन गाठा, रविवारी त्याहूनही आधी. ट्यूब चुकली तर ‘एन’ अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या रात्रबस असतात. रस्त्यावर हात दाखवून फक्त काळी टॅक्सी थांबवा. पबच्या दारात येऊन ‘टॅक्सी हवी का’ विचारणाऱ्याच्या गाडीत बसू नका. असं गिऱ्हाईक गोळा करणं तिथे बेकायदा आहे.