गावच्या ग्रुपवर मत टाकताना या चुका टाळा

शहरात पोस्टवरून वाजलं तर समोरच्याला ब्लॉक करून मोकळं होता येतं. गावात ज्याला ब्लॉक केलं तोच सकाळी पानठेल्यावर शेजारी उभा असतो, आणि पेरणीला ट्रॅक्टरही त्याचाच लागतो. आरक्षण, वेगळा विदर्भ, सोयाबीनचा भाव, कोणत्या चौकात कुणाचा झेंडा, यावर मत असावंच. घात होतो तो मत कुठे, कुणावर आणि कोणत्या वेळी टाकलं यात.

नाव न घेता मारलेला टोमणा

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. 'काही लोकांनी गाव विकायला काढलं' असं लिहिणाऱ्याला वाटतं, नाव कुठे घेतलं, सुटलो. दोनशे घरांच्या गावात 'काही लोक' म्हणजे तीन घरं, आणि ती कोणती हे पोरासोरांनाही ठाऊक. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहिलंच नव्हतं तेही अंगावर ओढून घेतात. घरकुलाच्या यादीचा राग असेल तर 'सरपंचानं पैसे खाल्ले' असं हातात कागद नसताना लिहू नका. तो बदनामीचा मामला होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. 'आमच्या वॉर्डातली पात्र नावं काऊन सुटली, ग्रामसभेत यादी वाचून दाखवा' एवढं विचारा. माहितीच्या अधिकारात अर्ज दिला तर ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. कागद आला की मग खुशाल जोरात बोला.

'म्या थोडीच लिवलं गा, आलं तसं धाडलं'

हे उत्तर ठाण्यात चालत नाही. दोन गटांत वैर वाढवणारा (कलम १९६) किंवा अफवेचा (कलम ३५३) मजकूर पसरवणाराही अडकू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं, म्हणून 'आता काहीही टाका' असं सांगणारे भेटतात. बाकीची कलमं जागच्या जागी आहेत. आणि मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात एका पोस्टवरून दंगल पेटली, एक जण जीवानिशी गेला. मेसेजवर दोन बाण दिसले की तो निदान पाच वेळा पुढे ढकलला गेलाय असं समजा. व्हॉट्सॲप स्वतःच तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे जाऊ देतं. घरात एकच फोन असेल तर पोरगं काय पाठवतं तेही बघा. सिम बापाच्या नावावर असेल तर पहिली विचारणा बापालाच होते.

ग्रुप ॲडमिनची भीती मात्र थोडी अवाजवी आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं, की सदस्याशी संगनमत नसेल तर त्याच्या पोस्टसाठी नुसत्या ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तरी निवडणुकीच्या आठवड्यात 'फक्त ॲडमिन पाठवू शकतात' हे सेटिंग लावलेलं बरं.

गुरुजी, ग्रामसेवक यांनी जरा जास्त जपावं. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारनं परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमांवर सरकारी धोरणांवर टीका करायला मनाई केली आहे. ते पटो न पटो, नोकरी तुमची आहे.

पोळ्याच्या करीला किंवा निकालाच्या रात्री काही टाकू नका. दोन्ही दिवशी वाचणाराही शुद्धीत असेलच असं नाही.

टाकून बसलात तर

पाठवल्यापासून १५ मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो, साधारण दोन दिवसांत सगळ्यांसाठी काढता येतो. पण 'हा मेसेज डिलीट केला' ही ओळ मागे राहते, आणि स्क्रीनशॉट तर कुणीतरी घेतलेलाच असतो. म्हणून काढल्यावर लगेच लिहा: 'पोस्ट चुकीची होती, काढली.' बस्स. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हे शेपूट जोडलं की वाद नव्याने सुरू होतो. ज्याला लागलं त्याच्या घरी दिवसा जा, सोबत दोघांनाही मानणारा एखादा म्हातारा माणूस घ्या. संध्याकाळी ठेल्यावर समजूत काढायला जाऊ नका.

धमक्या येत असतील तर त्यांचे स्क्रीनशॉट ठेवून आधी पोलीस पाटलांना सांगा, प्रकरण वाढलं तर ठाण्यात तक्रार द्या. आणि नोटीस तुम्हालाच आली, तर घाबरून फोन फॉरमॅट मारू नका. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा आळ येतो. फोन आहे तसा ठेवा आणि जबाब देण्याआधी तालुक्याच्या वकिलाला भेटा.