ग्रामसभेला नुसतं बसायचं असेल तरी काय काय बघायचं

पहिल्यांदा ग्रामसभेला जाताय, बोलायचं नाहीये, फक्त गावाचे निर्णय होतात कसे ते बघायचंय, तर आधी नोटीस मिळवा. नेहमीच्या सभेची नोटीस सात दिवस आधी लागते, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर असते, हल्ली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पण फिरते. कायद्याने वर्षात निदान चार सभा, बहुतेक गावात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. बाई असाल तर त्याआधीची महिला सभा चुकवू नका, पाणी आणि दारूचे विषय तिथे जास्त मोकळेपणाने निघतात, आणि तिथले ठराव मोठ्या सभेत वाचले जातात का हे बघणं फार महत्त्वाचं.

विषयपत्रिकेत पहिला विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' आणि शेवटचा 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. लोक मधल्या विषयांसाठी येतात पण माझं ऐकाल तर या दोघांवर डोळा ठेवा. पहिला भराभर वाचून संपवतात, आणि एकदा कायम झालं की मागच्या वेळी तुम्ही काय बोललात ते नाही, कागदावर काय आहे तेच खरं धरलं जातं. शेवटचा येईपर्यंत अर्धी माणसं घरी गेलेली असतात.

कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणजे मोजकी माणसं बसून सगळ्या गावाचं ठरवू शकतात. म्हणून डोकी मोजा, आणि हजेरी रजिस्टरवर सही करताना मध्ये रिकाम्या ओळी सोडल्यात का तेही बघा, नंतर घरोघरी सह्या गोळा करण्याचा प्रकार मला अजिबात पटत नाही.

खरी गंमत पैशाच्या विषयात कळते. कोणीतरी रस्ता मागतो आणि भाऊसाहेब (ग्रामसेवक हो, आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय) म्हणतात त्या हेडमधून (म्हणजे त्या कामाला ठरवून दिलेल्या निधीतून) होत नाही, तर ते टोलवतायत असंच समजू नका. 2020-26 च्या 15व्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या पैशात 2021 पासून 60 टक्के निधी बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेलाच, आणि 40 टक्के अबंधित, म्हणजे अशी अट नसलेला. म्हणजे बरंचसं दिल्लीतच ठरून आलं, गावाच्या हातात राहतं ते कुठल्या वस्तीला आधी, आणि भांडण पण त्यावरच. खालच्या आळीची गटार आधी की वरच्या, यावर आवाज चढतात, म्हाताऱ्या बायका उठून बोलतात, आणि प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या लेखी इतिवृत्तात) मात्र 'सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर', खाली सूचक, अनुमोदक, संपलं. कोण विरोधात बोललं ते तुमच्या वहीतच राहणार, म्हणून वही न्याच.

पण धोरण वरूनच येतं असं नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं सगळं बंद, आणि त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास खात्याने बाकी गावांनी पण असं करावं म्हणून परिपत्रक काढलं. गावाच्या ठरावात एवढी ताकद असते, फक्त तो नीट लिहिलेला पाहिजे.

म्हणून सभा झाल्यावर काही दिवसांनी ऑफिसात जाऊन प्रोसिडिंग वाचायला मागा. नाही दाखवलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, फी 10 रुपये, मुदत 30 दिवस. अर्जात मोघम लिहू नका, सभेची तारीख आणि विषय क्रमांक टाका आणि हजेरीच्या पानांची कॉपी पण सोबत मागा, तुमच्या वहीतल्या आकड्याशी ताडून बघता येईल.