सोसायटीची गच्ची : ऊन, पाऊस आणि वीज यांसाठी कोणते काम कोणत्या क्रमाने करावे

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हवामानबदलाची झळ लागते ती बहुतेक वेळा डोक्यावरच्या स्लॅबमधून. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींनुसार २०२४ हे औद्योगिकीकरणापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. घरातले दिवे बदलणे किंवा भाजीला सायकलवर जाणे हे निर्णय ज्याचे त्याला घेता येतात, पण चार-सहा मजली इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाच्या हाती असलेला सर्वांत मोठा निर्णय सामाईक गच्चीचा असतो आणि तो सर्वसाधारण सभेत ठराव केल्याशिवाय होत नाही. म्हणून पार्किंगच्या वादातून वेळ उरलाच, तर हा विषय सभेपुढे कसा न्यावा आणि कामे कोणत्या क्रमाने करावीत, ते येथे दिले आहे.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी गळती, मग उष्णता, मग पावसाचे पाणी आणि शेवटी सौर पॅनेल. अनुदानाच्या घाईत पॅनेल आधी बसवले आणि दोन वर्षांनी खालचा कोबा, म्हणजे गच्चीवरचा जलरोधक थर, उखडावा लागला, तर सांगाडा उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च सोसायटीच्या माथी येतो. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुरुवातीला गच्चीवरचे पाणी जाण्याचे तोंड बंद करून एक-दोन दिवस पाणी साठवून ठेवावे आणि खालच्या छतावर ओल कुठे उमटते ते पाहावे. कठडा आणि स्लॅब यांचा सांधा, पाइप बाहेर पडतात त्या जागा आणि टाकीचे पाये ही गळतीची नेहमीची ठिकाणे आहेत. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, पावसामुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची असते. ती केवळ वरच्या मजल्यावरच्या सभासदांची अडचण आहे, हा युक्तिवाद सभेत टिकत नाही.

उष्णतेचे काम त्यानंतरचे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्यास्तानंतर ती उष्णता खोलीत सोडत राहतो, त्यामुळे पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये रात्री बाहेर वारा गार असतानाही आतले छत तापलेले राहते आणि एसी सुरू होतो. जुन्या इमारतींच्या गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक घातलेला असतो. तो ऊन चांगले परतवतो, म्हणून तो शाबूत असेल तर त्यावर रंग फासण्याचे कारण नाही. शेवाळ आणि धूळ घासून काढणे पुरेसे आहे. गच्ची सिमेंटच्या राखाडी कोब्याची असेल, तर ऊन परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या लेपाचे दोन हात द्यावेत. चुना फार स्वस्त पडतो, परंतु पावसात धुऊन जात असल्याने दरवर्षी लावावा लागतो. ही कामे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरकावीत, कारण मेमध्ये वळीव केव्हा येईल याचा भरवसा नसतो. याचा मुख्य फायदा सर्वांत वरच्या मजल्याला होतो, हे मात्र सभेत प्रामाणिकपणे सांगावे. मधल्या मजल्यांसाठी पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली करणे अधिक उपयोगी पडते.

हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, म्हणूनच कमी वेळात कोसळणाऱ्या पावसाची तयारी ठेवावी लागते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने कात्रज ते सहकारनगर परिसरात काय केले, हे पुणेकरांना सांगायला नको. हिशेब सोपा आहे : १०० चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होते, म्हणजे तासाभरात ५० मिलिमीटर पडल्यास ५,००० लिटर. तेवढे पाणी उतरवण्याइतके पाइप आहेत का, आणि त्यांच्या जाळ्या पाचोळ्याने बुजल्या आहेत का, हे मेअखेर पाहावे. याच हिशेबाने वर्षाला ७०० मिलिमीटर पावसात ७०,००० लिटर पाणी गच्चीवर पडते आणि मार्चमध्ये टँकर मागवणारी सोसायटी ते गटारात सोडते. हे पाणी बोअरमध्ये सोडायचे असल्यास गाळणी आवश्यक आहे आणि पहिल्या एक-दोन सरींचे घाण पाणी वेगळ्या तोटीने बाहेर काढले पाहिजे. पुण्याखालचा बेसाल्ट, म्हणजे काळा खडक, सगळीकडे सारखे पाणी मुरू देत नाही, त्यामुळे शोषखड्ड्याची जागा कंत्राटदाराच्या सोयीने न ठरवता भूजलाच्या जाणकाराकडून ठरवून घ्यावी.

सौर पॅनेलसाठी प्रथम लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचे वर्षभराचे युनिट महावितरणच्या बिलांवरून मांडावेत. १ किलोवॉटला सुमारे १० चौरस मीटर सावलीमुक्त जागा लागते आणि पुण्यात त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये बरेच कमी, मार्च-एप्रिलमध्ये अधिक. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी प्रतिकिलोवॉट १८,००० रुपये केंद्रीय साहाय्य ठेवलेले आहे. १० किलोवॉटची यंत्रणा वर्षाला साधारण १४,००० युनिट देते आणि ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरल्यास जवळपास १० टन उत्सर्जन टळते. पॅनेल दक्षिणाभिमुख असावेत आणि सांगाडा माणूस खालून ताठ चालू शकेल इतका उंच घ्यावा. त्याने स्लॅबवर सावली पडते, टाक्यांपर्यंत वाट राहते आणि वाळवणाला जागा मिळत नाही ही तक्रारही निम्मी होते.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची असते. तिच्या सूचनापत्रात हा विषय स्वतंत्र घालावा, किमान तीन कोटेशन जोडावीत आणि ठरावात रकमेबरोबर देखभालीची जबाबदारीही लिहावी : पॅनेल कोण धुणार, पाइपांच्या जाळ्या कोण साफ करणार, गाळणीतली वाळू कधी बदलणार. पुणे महापालिका सौर, पर्जन्यजल आणि गांडूळखत प्रकल्पांसाठी मिळकतकरात सवलत देते, मात्र प्रकल्प चालू स्थितीत असावा लागतो. म्हणून दुरुस्तीच्या पावत्या आणि छायाचित्रे सचिवांच्या फाइलमध्ये तारीखवार लावून ठेवावीत.