बाग आडवी झाल्यावरचं बोलणं: खान्देशात अनुभवावर पीएचडी करताना

मानसशास्त्रात एम.ए. करून गुणात्मक (आकड्यांऐवजी मुलाखतींवर उभ्या) पीएचडीकडे वळणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा शीर्षकापासूनच सुरू होतो. ‘रावेर तालुक्यातील केळी उत्पादकांच्या ताणाचा मानसिक आरोग्यावरील प्रभाव’ असं शीर्षक घेतलं, की पुढचं सगळं चाचण्यांकडे आणि आकडेवारीकडे जातं. ‘प्रभाव’, ‘संबंध’, ‘तुलना’ हे शब्द मोजमाप मागतात. फिनॉमिनॉलॉजीचा, म्हणजे अनुभव जगणाऱ्याच्या बाजूने समजून घेणाऱ्या अभ्यासाचा, प्रश्न निराळा असतो: वादळात उभी बाग आडवी होणं, हे ज्याच्यावर येतं त्याला कसं अनुभवाला येतं? विषय असा एका प्रसंगावर, एका अनुभवावर आणा.

मग पद्धत ठरवा, आणि एकच ठरवा. अमेदेओ गिऑर्गी यांनी पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठात घडवलेली पद्धत फिनॉमिनॉलॉजीचा पाया घालणारा तत्त्वज्ञ हुसर्ल याच्या वाटेने जाते. ती वर्णन करते, कारणं लावत नाही. जोनाथन स्मिथ यांनी १९९६ मध्ये मांडलेली आयपीए (इंटरप्रिटेटिव्ह फिनॉमिनॉलॉजिकल अ‍ॅनालिसिस) ही अर्थ लावणारी पद्धत आहे. तिच्यात संशोधकाचा अन्वयार्थ उघडपणे येतो. एका प्रकरणात गिऑर्गी आणि दुसऱ्यात आयपीए असा प्रबंध परीक्षक पहिल्या वाचनातच पकडतात.

प्रवेशाचं थोडक्यात: यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ वर्षं लागतात आणि कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात करा किंवा बाहेर, नाव नोंदवण्याआधी गाईडला एकच विचारा, त्यांनी मुलाखतींवरचा प्रबंध पूर्वी तपासला किंवा करवून घेतला आहे का. सिनॉप्सिसच्या (संशोधन आराखड्याच्या) छापील अर्जात ‘गृहीतके’ असा रकाना असेल, तर तो कोरा ठेवू नका. ‘या पद्धतीत गृहीतक आधी मांडत नाहीत, म्हणून संशोधन प्रश्न देत आहे’ असं एका वाक्यात लिहा. नमुना किती, म्हणजे किती जणांच्या मुलाखती घेणार, हेही कारणासह लिहा. गिऑर्गींच्या मते किमान ३ सहभागी हवेत; पीएचडीसाठी ६ ते १० आमच्या मते पुरेसे. २५ मुलाखती घेतल्या तर एकाही मुलाखतीला न्याय मिळत नाही.

खरी कसोटी मुलाखतीत लागते. रावेर-यावलकडे वादळानंतर हातात वही घेऊन कोणी आलं, की तो पंचनाम्याचा किंवा विम्याचा माणूस, असं धरलं जातं. मग समोरचा खोडांची संख्या, भाव, कर्जाचा आकडा सांगत राहतो. त्यात खोटं काही नसतं; पण ते नुकसानीचं निवेदन असतं, अनुभव त्याच्या मागे राहतो. म्हणून पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढूच नका. तुम्ही सरकारचे नाही, तुमच्यामुळे भरपाई मिळणारही नाही आणि थांबणारही नाही, हे स्पष्ट सांगा. संमतीपत्र मराठीत वाचून दाखवा. दुसऱ्या भेटीत मुलाखत घ्या, ६० ते ९० मिनिटांची. मे महिन्यात जायचं असेल तर सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर. ओट्यावर बसलात तर शेजारी येऊन बसतात आणि उत्तरं तेच देऊ लागतात. जागा आधी ठरवा. कूलर किंवा पंखा रेकॉर्डरजवळ असेल तर हळू बोललेलं वाक्य नेमकं हरवतं, आणि महत्त्वाची वाक्यं बहुधा हळूच बोलली जातात.

सुरुवात एकाच मागणीने करा: ‘त्या दिवशी उजाडल्यापासून काय काय झालं, ते सांगा.’ ‘का’ विचारू नका. ‘का’ला मतं आणि कारणं मिळतात. ‘फार दुःख झालं असेल ना?’ हा प्रश्न उत्तर आपल्याच तोंडून देतो. त्याऐवजी ‘तेव्हा तुम्ही कुठं उभे होतात?’, ‘मग?’, आणि गप्प बसणं. सहभागी फार अस्वस्थ झाला तर रेकॉर्डर बंद करा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कागदावर लिहून सोबत ठेवा, संमतीपत्रावरही छापा.

उतरवून काढायला एका तासाच्या बोलण्याला सहा-आठ तास लागतात; अहिराणी असेल तर जास्तच. इथं एक चूक फार नुकसान करते: उतरवतानाच प्रमाण मराठी करणं. ‘माले काहीच गोड लागत नही’ याचं ‘मला नैराश्य आले’ केलंत, की विश्लेषण करायला काही उरलंच नाही, आजाराचं निदान आधीच होऊन गेलं. मूळ बोली तशीच ठेवा. मराठी रूपांतर शेजारच्या रकान्यात.

गिऑर्गींची पद्धत घेतली असेल, तर विश्लेषणाआधी तुम्हाला या विषयाबद्दल जे ठाऊक आहे, ते वहीत लिहून बाजूला ठेवा. ‘शेतकरी म्हणजे कर्जाने खचलेला’ हेसुद्धा त्यात लिहा. मग पूर्ण मुलाखत न थांबता वाचा. दुसऱ्या वाचनात अर्थ जिथं वळतो तिथं रेघ मारा, हे अर्थघटक. समजा, एक घटक असा आहे: ‘सकाळी गेलो, पण बांधावरच बसलो, आत पाय टाकवेना.’ त्याचं मानसशास्त्रीय रूप ‘टाळण्याचे वर्तन’ असं केलं तर पाठ्यपुस्तकातलं लेबल चिकटलं. ‘रोजची बाग आता त्याला आत येऊ देत नाही; तो तिच्या कडेला थांबतो’ हे त्याच्या बोलण्याला धरून आहे. प्रत्येक घटकाचं असं करत जा, तृतीय पुरुषात. शेवटी कल्पनेत एकेक बाजू बदलून पाहा: कर्ज नसतं तरी हा अनुभव हाच राहिला असता का? राहिला असता तर कर्ज त्याच्या गाभ्यात नाही. जे काढल्यावर अनुभवच मोडतो, त्यातूनच अनुभवाची रचना, म्हणजे त्याच्या गाभ्याचं वर्णन, लिहायची. ‘१० पैकी ८ जण म्हणाले’ हे वाक्य मात्र प्रबंधात नको. त्याने सर्वेक्षणाचे प्रश्न ओढवून घेता.

व्हायव्हात (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत) हमखास विचारतात, ‘निष्कर्ष सहभागींना दाखवून खात्री केली का?’ कोलाइझी या दुसऱ्या फिनॉमिनॉलॉजिस्टच्या १९७८ च्या पद्धतीत ती पायरी आहे, सातवी. गिऑर्गी ती मान्य करत नाहीत, कारण त्यांच्या मते अनुभव सहभागीचा असला तरी त्याचं मानसशास्त्रीय रूप ठरवणं हे संशोधकाचं काम आहे. तुम्ही कोणती वाट घेतली ते पद्धतीच्या प्रकरणातच लिहून ठेवा. ऐनवेळी सुचलेलं उत्तर तिथं टिकत नाही.