माध्यमसम्राटांवर प्रोजेक्ट घेताय? आधी केबलचं बिल बघा

ठाण्या-वाशीच्या कॉलेजांत माध्यमशास्त्राचं बीएएमएमसी किंवा एमए करणाऱ्यांना ‘माध्यमसम्राट विरुद्ध सार्वजनिक प्रसारण’ हा विषय भुरळ घालतो. भारदस्त वाटतो, गाईडही लगेच मान डोलावतात. वृत्तपत्रं-टीव्हीचे सम्राट रूपर्ट मरडॉक कोण, दूरदर्शन-आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती काय, हे तुम्हाला ठाऊक आहेच, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. घात दुसरीकडेच होतो.

ब्रिटनमधलं भांडण उचलायचं आणि भारतावर चिकटवायचं, हा तो घात. मरडॉकच्या जागी झीचे सुभाष चंद्रा किंवा अंबानी, बीबीसीच्या जागी दूरदर्शन, की झाला प्रबंध. दिसायला तो छान दिसतो, पण व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकाने एकच प्रश्न विचारला की पत्त्यांचा बंगला कोसळतो : “दूरदर्शनला पैसे कोण देतं?”

ब्रिटनमधलं भांडण आधी नीट समजून घ्या. बीबीसी तिथे घरटी लायसन्स फीवर चालते आणि ब्रिटनमधल्या सेवांवर जाहिराती घेत नाही. ऑगस्ट 2009 मध्ये रूपर्ट यांचे चिरंजीव जेम्स मरडॉक यांनी एडिंबराच्या मॅकटॅगार्ट व्याख्यानात बीबीसीवर हल्ला चढवला आणि स्वातंत्र्याची खरी हमी नफाच देतो, असा सूर लावला. बहुतेक प्रोजेक्टांत त्या भाषणातली वाक्यं येतात आणि विषय विचारसरणीकडे वळतो. पुढची तारीख कोणी लिहीत नाही : जुलै 2010 मध्ये मरडॉक घराण्याच्याच लंडनच्या ‘द टाइम्स’ची वेबसाइट पैसे भरल्याशिवाय वाचता येईनाशी झाली, म्हणजे पेवॉल आली. आपण बातमी विकायला काढणार आणि शेजारी बीबीसी तीच बातमी फुकट वाटणार, मग गिऱ्हाईक येईल कुठून? जून 2010 मध्ये मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पने बीस्कायबी या वर्गणीवर चालणाऱ्या टीव्ही कंपनीचा उरलेला सुमारे 61 टक्के हिस्सा घ्यायचा प्रस्ताव टाकला. जुलै 2011 मध्ये फोन हॅकिंगचं प्रकरण पेटल्यावर तो मागे घ्यावा लागला. भाषण, पेवॉल आणि बोली एका रेषेवर मांडून पाहिलीत की हेतूबद्दल कोणाच्या मनात शिरावं लागत नाही.

ही रेषा भारतात आणलीत की वाकते. दूरदर्शन लायसन्स फीवर चालत नाही. पगाराचा मोठा भार केंद्राच्या अनुदानावर आहे, ते स्वतः जाहिराती घेतं, शिवाय खासगी चॅनलना जागा भाड्याने देतं. डीडी फ्री डिश हा प्रसार भारतीचा बिनरिचार्जचा डीटीएच. त्यावरचे स्लॉट ई-लिलावात जातात आणि खासगी कंपन्या एकेका स्लॉटला वर्षाला कोट्यवधी रुपये मोजतात. म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा, त्याच्याच घरात भाडेकरू.

या भाडेकरूंची ये-जा बघा. फेब्रुवारी 2019 मध्ये ट्राय या नियामक संस्थेची चॅनलच्या किमतींची नवी दररचना लागू झाली आणि 1 मार्चपासून स्टार, झी, सोनी आणि व्हायकॉम18 यांनी स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल, रिश्ते ही चॅनल फ्री डिशवरून काढली. तीच चॅनल महिन्याला पैसे भरणाऱ्या घरांत विकायची होती आणि जे दुसरीकडे फुकट दिसतं त्याला कोण पैसे देणार? पण फ्री डिशची घरं गेली की जाहिरातदाराला दाखवायची प्रेक्षकसंख्याही जाते. 2020 मध्ये ती परतली, 2022 मध्ये पुन्हा बाहेर पडली. वर्गणी आणि जाहिरात यांचा हा तराजू आहे. तुमच्या प्रबंधाचा कणा इथे सापडेल, भाषणांत नाही.

फ्री डिशच्या घरांचा आकडा लिहिताना जपा. चार कोटींच्या वर असं अधिकृतपणे सांगितलं जातं, पण बिलच नसल्यामुळे ग्राहकांची मोजदादही नाही. जो काही आकडा आहे तो अंदाज आहे, आणि ‘अंदाजे’ हा शब्द गाळलात तर परीक्षक तिथेच धरतो. घणसोली गावठाणात किंवा कळव्याच्या चाळीत फिरून छपरावरच्या छत्र्या मोजल्याने काही कळत नाही, नुसत्या छत्रीवरून फ्री डिश आणि टाटा प्ले ओळखणं कठीण. घरात विचारा, “रिचार्ज कधी मारता?” “मारतच नाही” असं आलं तर ते फ्री डिश.

क्रिकेट मात्र सोडू नका. 1993 च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून सरकारचा बंगालच्या क्रिकेट संघटनेशी वाद झाला, त्यावर 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी (एअरवेव्ह्ज) ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं म्हटलं. 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेले सामने प्रसार भारतीला द्यावे लागतात. टीव्हीवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नात प्रसारणाचे हक्क घेतलेल्याचा वाटा किमान 75 टक्के आणि प्रसार भारतीचा 25. आता त्यात केबल कायद्याचं कलम 8 मिसळा : केबलवाल्याने दूरदर्शनची ठरावीक चॅनल दाखवलीच पाहिजेत. दोन्ही एकत्र आले की स्टारने पैसे मोजून घेतलेला सामना केबलवर फुकट गळायचा. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गळती बंद केली. सामन्याचा तो सिग्नल दूरदर्शनने आपल्या टेरेस्ट्रियल (साध्या अँटेनावरच्या) प्रसारणात आणि फ्री डिशवर दाखवावा, केबलवर नाही. हे स्वतः पडताळता येतं. मोठ्या सामन्याच्या दिवशी एका घरात केबलवर आणि दुसऱ्या घरात फ्री डिशवर दूरदर्शन लावा.

आता बिल. ऐरोलीतल्या कुठल्याही केबलवाल्याकडे महिन्याचं बिल मागा आणि पॅकमधली एकेक रक्कम वाचा. पॅकमध्ये बसवायचं तर चॅनलची एमआरपी 19 रुपयांपर्यंतच. त्यातले किमान 20 टक्के, म्हणजे 3 रुपये 80 पैसे, वितरणाकडे. उरलेले जास्तीत जास्त 15 रुपये 20 पैसे प्रसारकाचे, त्यातूनही वितरकाला एमआरपीच्या 15 टक्क्यांपर्यंत सवलत द्यावी लागू शकते. जीएसटी वेगळा. हे गणित वहीत एकदा मांडा, घाबरण्यासारखं काही नाही, आठवीच्या टक्केवारीएवढंच आहे. मग दूरदर्शनचं ‘फुकट’ कोणाच्या खिशाला लागतं ते आपोआप दिसेल.

माध्यम कंपनीच्या वार्षिक अहवालात अध्यक्षांचं पत्र सगळे वाचतात. ते सोडून द्या. सेगमेंटची (कोणत्या धंद्यातून किती कमाई याची) टीप आणि संबंधित पक्षांशी, म्हणजे आपल्याच गटातल्या कंपन्यांशी वगैरे, व्यवहारांची टीप उघडा, हेतू तिथे आकड्यांत असतो. ट्रायच्या सल्लापत्रांवर कंपन्यांनी दिलेली मतं आणि एकमेकांच्या मतांवरची प्रतिमतं तर सोनं आहेत, तिथे कंपन्या जाहीर भाषणापेक्षा मोकळं बोलतात. कन्सल्टन्सीच्या रिपोर्टमधल्या चकचकीत स्लाइड उचलणं आणि एआयकडून सारांश काढून घेणं, या दोन्ही शॉर्टकटबद्दल माझं मत वाईट आहे. सारांशात तराजूचं एकच पारडं उरतं.

मेंटॉर शोधताना संपादक गाठू नका. माझ्या मते जाहिरात विक्रीत किंवा चॅनल वितरणात काम केलेली व्यक्ती अर्ध्या तासात जेवढं शिकवते तेवढं न्यूजरूममधला मोठा माणूस महिन्यात शिकवत नाही. अशी माणसं ठाण्यात आणि खारघरमध्ये राहतात आणि लोअर परळला नोकरीला जातात. रविवारी वेळ मागा, सहसा मिळतो.

अमुक उद्योगपतीने सरकारला खूश ठेवायला चॅनल घेतलं, असं वाक्य पुराव्याशिवाय लिहू नका. डिसेंबर 2022 मध्ये एनडीटीव्हीचं नियंत्रण अदानी समूहाकडे गेलं, नोव्हेंबर 2024 मध्ये रिलायन्स आणि डिस्नेचा संयुक्त उद्योग 70,352 कोटींच्या मूल्यांकनावर उभा राहिला, एवढं नोंदवा. पुढचं अनुमान ‘शक्यता’ म्हणून वेगळ्या परिच्छेदात ठेवा.

प्रसार भारतीला माहितीचा अधिकार लागू आहे, खासगी चॅनलला नाही. अर्जाची फी 10 रुपये, ऑनलाइन भरता येते, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘फ्री डिशची सगळी माहिती द्या’ असं मोघम विचारलंत तर हाती काही लागणार नाही. वर्ष, लिलावाची फेरी आणि चॅनलचा गट लिहून विचारा. व्यावसायिक गोपनीयतेचं कारण देऊन, म्हणजे कलम 8(1)(ड) दाखवून, नकार आला तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं आणि त्यात आणखी महिना-दीड महिना जातो. सबमिशन मार्चमध्ये असेल तर अर्ज नोव्हेंबर संपायच्या आत गेला पाहिजे.