मना, मनी, मनं आणि जर्मन

जळगावच्या माझ्या जर्मनच्या वर्गात पहिल्या दिवशी मी फळ्यावर तीन शब्दजोड्या लिहिते: मना बाप, मनी माय, मनं घर. त्याखाली त्यांचंच जर्मन लिहिते: माइन फाटर, माइने मुटर, माइन हाउस. मुलं दोन्ही ओळी वाचतात आणि एकमेकांकडे बघतात. त्यांना 'तुमची भाषा गावंढळ' असं ऐकायची सवय असते. इथे पहिल्याच तासाला अहिराणी फळ्यावर आलेली असते, तीही जर्मनच्या वर.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. तेव्हापासून नर्सिंग, आयटीआय, इंजिनिअरिंगची मुलं सारखी विचारायला येतात. पुण्याला राहावं लागेल का? किती महिन्यांत होईल? इंग्रजी कच्चं आहे, जमेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जमेल. मराठी पक्की असेल तर जर्मन व्याकरणाची बरीच तयारी तुमची झालेली आहे, फक्त ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

मलाही कुणी सांगितलं नव्हतं. माझं गाव अमळनेर तालुक्यात, घरात बोलणं सगळं अहिराणीत. पुण्यात पहिला जर्मन क्लास लावला तिथे सांगण्यात आलं की घरची बोली डोक्यातून काढा, विचारसुद्धा इंग्रजीतून करा. मी दोन वर्षं तेच केलं. घरी फोन करणंही कमी केलं. बी१ म्हणजे सहापैकी तिसऱ्या पायरीच्या परीक्षेत लेखी तिन्ही भाग पास झाले आणि बोलण्याच्या भागात नापास झाले, कारण माझ्याजवळ होती ती पाठ केलेली वाक्यं. परीक्षकांनी एक साधा उपप्रश्न विचारला आणि मी गप्प झाले.

बरं एवढंच की बी१चे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण हे चार भाग सुटे देता येतात. प्रत्येकाला शंभरपैकी साठ गुण लागतात, आणि राहिलेला तेवढाच भाग पुन्हा देता येतो. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण एका अपयशावर सगळं सोडून देतात.

मधल्या सुटीत गावी आले आणि एका नातेवाइकांबरोबर अजिंठ्याला गेले. लेणी जळगावपासून साठेक किलोमीटर, परदेशी पाहुणे नेहमीचे. लेण्यांबाहेर एक वयस्क जर्मन जोडपं चहाच्या टपरीवर उभं होतं. मी धीर करून बोलायला गेले. टपरीवाल्याने आजोबांकडे बघून मला विचारलं, "यांना चहा नको का?" मी तेच जर्मनमध्ये विचारलं. आजोबा मान हलवत म्हणाले, "डॉख!"

हा शब्द मी पुस्तकात पन्नासदा वाचला होता आणि 'परंतु, तरीही' असा अर्थ वहीत लिहून ठेवला होता. त्या टपरीवर कळलं की हा आपला 'की' आहे. "तू येणार नाहीस?" "येणार की!" "चहा नको?" "हवा की!" नकारार्थी प्रश्नाला होकार देणारा हा एक शब्द. इंग्रजीतून शिकताना तो मला कधीच नीट बसला नाही. मराठीतून एका घोटात बसला.

त्यानंतर मी उलट दिशेने शिकायला लागले. आधी मराठीकडे नीट बघायचं, मग जर्मनकडे. जर्मनमध्ये 'मेडशेन' म्हणजे मुलगी, पण शब्द नपुंसकलिंगी. इंग्रजीतून आलेली मुलं यावर अडून बसतात. मी वर्गात विचारते, आपलं लेकरू कोणतं लिंग? ते लेकरू. वासरू? ते. कोकरू, पाखरू? तेही ते. लहानपण दाखवणारा 'रू' लागला की आपल्याकडे शब्द 'ते' होतो, तसा तिकडे 'शेन' लागला की होतो. दहा मिनिटांत नियम बसतो. मात्र सगळीकडे जुळेल असं समजू नका. आपला सूर्य 'तो', त्यांचा सूर्य 'ती'. म्हणून नाम कधीही एकटं पाठ करू नका, 'डेर, डी, दास' म्हणजे तो, ती, ते यासकटच वहीत उतरवा.

वाक्याचंही तसंच. 'वाइल' म्हणजे कारण, आणि त्याच्या मागोमाग येणाऱ्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं. "वाइल इश इन डॉइचलांड आर्बाइटेन विल." म्हणजे "कारण मला जर्मनीत काम करायचं आहे." दोन्हीकडे क्रियापद टोकाला, म्हणून हे वाक्य माझ्या मुलांना लवकर सापडतं.

वाचनाबाबत माझा आग्रह आहे. ए१ ही पहिली पायरी संपल्यावर लहान मुलांची पुस्तकं आणि सोपं केलेलं वाचन सुरू करा, पण वाचायच्या आधी ऐका. बहिणाबाई चौधरींना (१८८० ते १९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी शेतात, जात्यावर कविता रचल्या आणि मुलगा सोपानदेव याने आणि नातलगांनी त्या उतरवून घेतल्या. भाषेचा आधार कान आहे हे आपल्या मातीत वेगळं शिकवावं लागू नये. मी मुलांना एक उतारा तीनदा ऐकवते, चौथ्यांदा कागद देते.

संस्कृती शिकवायची म्हणजे बर्लिनची चित्रं दाखवायची, असं समजतात. मी भरीत शिकवते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, साल काढून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायची, वर मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात. हे सगळं जर्मनमध्ये क्रमाने सांगायचं: त्सुएर्स्ट, दान, दानाख. आधी, मग, त्यानंतर. गेल्या वर्षी नर्सिंगच्या एका मुलीने, जी आठवडाभर वर्गात तोंड उघडत नव्हती, सलग चार मिनिटं भरीत सांगितलं. चुका होत्या, मी एकदाही मधे बोलले नाही. चुका नंतर तिनेच वहीत शोधल्या.

प्रवासासाठी जर्मनीचं तिकीट लागत नाही. मी मुलांना सुरतच्या गाडीने नवापूरला नेते. अमळनेरहून निघालं की दोंडाईचा, नंदुरबार अशी बोली बदलत जाते, डब्यात गुजराती मिसळते, मध्येच भिली कानावर येते. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी एका राज्यात, स्टेशनमास्तरचं ऑफिस दुसऱ्या. उद्घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत. मुलांनी तिथे तासभर बसून पाच नवे शब्द टिपायचे, अर्थ विचारायचा, आणि ज्याने सांगितला त्याच्याशी पुढे दोन वाक्यं बोलायची. अनोळखी माणसासमोर तोंड उघडायची भीती परीक्षेच्या खोलीत जात नाही, ती अशा बाकावर जाते. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली नोकरी सोडून १९३० च्या सत्याग्रहात गेले आणि तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात सोबतच्या बंदिवानांकडून तमिळ, बंगाली शिकले. प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, ही आंतरभारतीची हाक त्यांनी पुढे दिली. गाडीत मी हे सांगते.

आता व्यवहाराचं थोडं. पायऱ्या सहा: ए१ ते सी२. नर्सिंगच्या मान्यतेसाठी बहुधा बी२ मागतात. काम करत शिकत असाल तर बी२ला दीड ते दोन वर्षं धरा, 'तीन महिन्यांत बी२' म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका. सकाळी अर्धा तास ऐकणं, रात्री अर्धा तास लिहिणं, आणि आठवड्यातून दोनदा कुणाशी तरी बोलणं. परीक्षेच्या जागा लवकर भरतात, तारखेवर लक्ष ठेवा.

संभाषणाचा भाग मी दुसऱ्यांदा दिला, तेव्हा समोरच्या जोडीदाराने विचारलं, "म्हणजे तुला मोठ्या शहरात राहायला आवडत नाही?" मी म्हणाले, "डॉख." आणि पुढे बोलत गेले.